तीन मांजरं, तीन ताटल्या

मुलांनो, दोन मांजरी, लोण्याचा गोळा आणि वाटणी करणारं माकड ही गोष्ट तुम्ही ऐकलेली असणारच. माकडानं तराजू हातात घेतला आणि 'दोघींना अगदी सारखं' करता करता सगळा गोळा स्वतःच मटकावला. माकड लबाड होतं, यात शंका नाही. पण मला त्या गोष्टीत आणखी एक प्रश्न पडतो. समजा, वाटणीला माकडाऐवजी कुणी अगदी प्रामाणिक न्यायाधीश बसला असता आणि त्यानं दोघींना गुंजभरही फरक न करता सारखं लोणी दिलं असतं, तर ती वाटणी बरोबर झाली असती का? त्यातली एक मांजरी पिल्लांना दूध पाजणारी आणि दुसरी म्हातारी, दात पडलेली असती तर?

काय, पडलात ना विचारात? 'सारखी' वाटणी आणि 'बरोबर' वाटणी यांत केवढा फरक असतो, ते आज आपण पाहू या. आणि तेही कुठे? तर आपल्या घरातल्या मांजरांच्या ताटलीत!

आधी शाळेत डोकावू या

तुमच्यापैकी पुष्कळ जण शाळेत मिळणारा पोषण आहार जेवता. या योजनेत कुणाला किती द्यायचं, हे ठरलेलं आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदळाचा, तर सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम तांदळाचा आहार. लहान गटाला त्यातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, मोठ्या गटाला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने. 'बाई, त्याला जास्त, मला कमी का?' असं कुणी पहिलीतलं पोर विचारतं, तेव्हा मी म्हणते, 'अरे, त्याचे हातपाय बघ आणि तुझे बघ!' पोर हसतं आणि गप जेवतं.

मांजरांना असं समजावून सांगता येत नाही. तिथे आपल्यालाच डोकं चालवावं लागतं.

मांजर म्हणजे छोटासा वाघच

मांजर दूध पितं, पोळी खातं, भात खातं, म्हणून ते आपल्यासारखंच, असं आपल्याला वाटतं. पण मांजराचं शरीर आहे शिकाऱ्याचं. आपली सगळी घरगुती मांजरं आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या एका रानमांजराची वंशज आहेत. शेती सुरू झाली, धान्याची कोठारं भरली, कोठारांत उंदीर आले आणि उंदरांमागोमाग मांजरं आली. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाच्या शेजारीच मांजर पुरलेलं सापडलं. ही बातमी २००४ साली जगाला कळली. म्हणजे आपली आणि मांजराची दोस्ती किती जुनी, बघा!

या दोस्तीत मांजरानं आपलं घर स्वीकारलं, पण पोट मात्र रानातलंच ठेवलं. टॉरीन नावाचा एक पदार्थ आहे. तो हृदयाला आणि डोळ्यांना लागतो. आपलं शरीर तो स्वतः तयार करतं. मांजराला तो पुरेसा तयार करता येत नाही, तो मांस-मासळीतूनच मिळवावा लागतो. १९८७ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी दाखवून दिलं, की टॉरीन कमी पडलं तर मांजराच्या हृदयाचे स्नायू दुबळे होतात, आणि ते वेळेवर दिलं तर पुष्कळ मांजरं सुधारतात. तेव्हापासून मांजरांच्या तयार खाद्यात टॉरीन काळजीपूर्वक मोजून घालू लागले.

आणखी गंमत ऐका. गाजरातून आपल्याला अ जीवनसत्त्व मिळतं, मांजराला मिळत नाही. आणि मांजराला गोड चव कळतच नाही! गोड ओळखायला जिभेवर जी यंत्रणा लागते, तिचं एक जनुकच मांजरांमध्ये बिघडलेलं आहे, हे २००५ साली शास्त्रज्ञांनी शोधून काढलं. मग तुमची माऊ श्रीखंडाची वाटी का चाटते? तर स्निग्धपणासाठी. साखर तिच्या गावीही नसते.

आता एक गणित. चार किलोच्या मोठ्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० उष्मांक लागतात. एका उंदरातून मिळतात सुमारे ३०. तर रानात राहणाऱ्या मांजराला दिवसाला किती उंदीर लागतील? बरोबर, सात ते आठ! म्हणजे मांजर हे थोडं थोडं, पण पुष्कळ वेळा खाणारं जनावर आहे. एकदाच ताटभर वाढून मोकळं होणं त्याच्या पोटाला मानवत नाही. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे वेळापत्रकात ती आपल्या उपयोगी पडणार आहे.

आमच्या घरचा हजेरीपट

आमच्या घरी पनवेलला तीन विद्यार्थी आहेत.

मनी : वय १३ वर्षं. मांजरांच्या हिशेबात आजीबाई. हळू खाणारी, मध्येच थांबून खिडकीतून बाहेर बघणारी.

भोपळ्या : वय ५ वर्षं. नारिंगी बोका. नसबंदी झालेली. नसबंदीनंतर मांजराला उष्मांक कमी लागतात, पण भूक मात्र वाढते. त्यामुळे भोपळ्या नावाप्रमाणेच झालेला!

चिमी : गेल्या वर्षी जुलैत धो धो पावसात मासळी बाजाराबाहेर भिजत बसलेलं पिल्लू. ऑगस्टमध्ये ती तीन महिन्यांची होती.

चिमीला लस द्यायला नेलं, तेव्हा पशुवैद्यक डॉक्टरांनी तिघांचंही वजन केलं. चिमी १ किलो ३०० ग्रॅम, छान. भोपळ्या ६ किलो २०० ग्रॅम, जरा जास्तच. आणि मनी? वर्षापूर्वी ३ किलो ८०० ग्रॅम असलेली मनी ३ किलो २०० ग्रॅमवर आली होती.

'सहाशे ग्रॅमच तर कमी झालं,' असं तुम्हांला वाटेल. थांबा. ३८ किलोच्या मुलाचं वजन ३२ किलो झालं, तर त्याची आई काय म्हणेल? मनीच्या बाबतीत अगदी तेच झालं होतं. अंगावरच्या दाट केसांमुळे ते डोळ्यांना दिसत नव्हतं, एवढंच.

रक्त तपासलं. मनीची मूत्रपिंडं थकली होती. म्हाताऱ्या मांजरांत हा आजार पुष्कळ आढळतो. एकदा थकलेलं मूत्रपिंड पुन्हा नव्यासारखं होत नाही. पण त्याच्यावरचा भार कमी करता येतो, आणि तो कमी करायचं मोठं साधन म्हणजे आहार. डॉक्टरांनी मनीला फॉस्फरस कमी असलेलं खास खाद्य सांगितलं आणि शिवाय म्हणाले, 'तिच्या पोटात तिचंच अन्न जातंय ना, ते बघा.'

खरी मेख तिथेच होती. मनी चार घास खाऊन खिडकीकडे वळली की भोपळ्या तिची ताटली साफ करायचा. शिंक्याचं तुटलं आणि बोक्याचं साधलं! आणि चिमी? ती तिन्ही ताटल्यांत तोंड घालायची.

आता बघा कोडं कसं आहे ते. मनीचं खास खाद्य चिमीनं खाल्लं तर तिला वाढीला लागणारी प्रथिने पुरणार नाहीत. चिमीचं पौष्टिक खाद्य भोपळ्यानं खाल्लं तर त्याचं वजन आणखी वाढेल. तेच मनीनं खाल्लं तर तिच्या मूत्रपिंडांवर भार पडेल. म्हणजे तिघांचं अन्न चांगलंच, पण चुकीच्या पोटात गेलं की वाईट!

मग आम्ही घरातली सगळी मंडळी रात्री जेवणं झाल्यावर वही घेऊन बसलो. सहावीतल्या लेकीनं पट्टीनं रकाने आखले. दर जून महिन्यात शाळेचं वेळापत्रक करायची मला सवय आहेच. वर्ग तीन, शिक्षक चार, खोल्या तीन. बसवा गणित!

पहिलं काम : वजनाची वही

वेळापत्रकाआधी वजन. पिल्लाला टोपलीत बसवून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा आणि मग टोपलीचं वजन वजा करा. मोठं मांजर टोपलीत बसत नाही. त्याला कडेवर घेऊन तुम्ही स्वतः वजनकाट्यावर उभे राहा, मग मांजराला सोडून पुन्हा उभे राहा. मोठ्या आकड्यातून लहान आकडा वजा करा. दर रविवारी, एकाच वेळी, जेवणाआधी. वही तुमची, काम तुमचं. वजाबाकी आणि आलेख, दोन्हींचा आपोआप सराव!

वहीत काय दिसायला हवं? तीन-चार महिन्यांच्या पिल्लाचं वजन आठवड्याला साधारण १०० ग्रॅमनं वाढायला हवं. लठ्ठ मांजराचं वजन मात्र अगदी सावकाश उतरायला हवं, आठवड्याला शंभरात एक भाग एवढंच. भोपळ्याच्या ६ किलो २०० ग्रॅमचा शंभरावा भाग किती? ६२ ग्रॅम. डॉक्टरांनी त्याला पाच किलोच्या आसपास आणायला सांगितलं होतं. करा भागाकार! पाच महिने तरी हवेतच. घाई केली तर काय होतं, ते पुढे सांगते.

दुसरं काम : वेळा

माणसांच्या धावपळीत बसतील अशाच वेळा घ्या, नाहीतर वेळापत्रक कागदावरच राहतं. आमच्याकडे बाबांना सकाळची लोकल गाठायची असते. पनवेल ते सीएसएमटी म्हणजे सव्वा तासाहून जास्त प्रवास. मी आणि लेक सकाळच्या शाळेत. दुपारी घरी आजी. म्हणून ठरलं ते असं :

सकाळी ६.३० : तिघंही. वाढणार बाबा.

दुपारी १२.३० : चिमी आणि मनी. वाढणार आजी.

संध्याकाळी ६.०० : तिघंही. वाढणार लेक.

रात्री १०.०० : चिमी आणि मनी, शिवाय भोपळ्याला थोडंसं. वाढणार मी.

चिमीला चार वेळा का? पिल्लाचं पोट लहान आणि भूक मोठी. सहा महिन्यांपर्यंत तीन-चार वेळा, त्यानंतर वर्षाची होईपर्यंत दोन-तीन वेळा द्यायचं. मनीला चार वेळा, कारण आजारी म्हाताऱ्या मांजराला एका बैठकीत फार जात नाही. भोपळ्याला तीन वेळा, पण एक अट आहे. त्याचा दिवसभराचा वाटा सकाळीच मोजून एका डब्यात काढून ठेवायचा. जे द्यायचं ते त्या डब्यातूनच. डबा संपला की दुकान बंद! आणि त्याला रात्रीचा घास का, माहीत आहे? नाहीतर पहाटे चार वाजता हे महाराज छातीवर येऊन बसतात.

तक्ता फ्रिजच्या दारावर लावला. ज्यानं वाढलं त्यानं लगेच बरोबरची खूण करायची. ही खूण फार महत्त्वाची, बरं का! कारण भोपळ्या जेवल्यावर पाच मिनिटांनी दुसऱ्या माणसाकडे जाऊन अशा केविलवाण्या आवाजात ओरडतो, की त्यानं आठ दिवसांत अन्न पाहिलेलं नाही असं वाटावं. त्याच्या आवाजावर नाही, खुणेवर विश्वास ठेवायचा.

तिसरं काम : जागा

वेळ ठरली, पण तिघं एकाच ठिकाणी जेवली तर पहिले पाढे पंचावन्न. म्हणून तिघांच्या जागा वेगळ्या केल्या.

मनी आतल्या खोलीत, दार लावून. तिची ताटली जमिनीवरच, कारण म्हातारपणी सांधे दुखतात, उंच उडी नको. तिला २० ते ३० मिनिटं द्यायची, खिडकीतून बघायचं असेल तर बघू द्यायचं! मगच दार उघडायचं आणि उरलेलं उचलायचं.

भोपळ्या स्वयंपाकघरात, आजीच्या देखरेखीखाली.

चिमीसाठी लेकीनं युक्ती काढली. पुठ्ठ्याचं एक मोठं खोकं घेतलं आणि त्याला चिमी आत जाईल, पण भोपळ्याचं पोट अडकेल, एवढंच दार कापलं. पहिल्या दिवशी भोपळ्यानं डोकं घातलं, खांदे घातले आणि मग मागे सरकून आमच्याकडे असं पाहिलं, की हसून हसून पुरेवाट झाली. खोकं मात्र जड वस्तू ठेवून भिंतीला टेकवा, नाहीतर बोका ते उलटं करतो. पिल्लू वाढलं की दार मोठं करावं लागतं, आणि एक दिवस खोक्याचा उपयोग संपतो. तेव्हा तिसरी खोली किंवा बाल्कनी शोधायची.

घर एकाच खोलीचं असेल तर? तर तिघांच्या वेळा पंधरा-पंधरा मिनिटांनी पुढे-मागे करा आणि एक जण जेवत असताना बाकीच्यांना तुम्ही खेळवा. सुतळीला कागदाचा बोळा बांधला की झालं. फक्त खेळ संपला की सुतळी उचलून ठेवा. मांजरानं ती गिळली तर आतड्यात अडकते.

ताटलीत काय, आणि काय नाही

नवं खाद्य एकदम बदलू नका. पहिले दोन-तीन दिवस पाव भाग नवं आणि पाऊण भाग जुनं, मग अर्धं-अर्धं, मग पाऊण भाग नवं. सात ते दहा दिवसांत पूर्ण बदल. मनीसारख्या म्हाताऱ्या मांजराला याहूनही जास्त दिवस लागले तर लागू द्या.

मांजर चवीआधी वास बघतं. फ्रिजमधून काढलेल्या गार अन्नाला वास येत नाही, म्हणून ते तोंड फिरवतं. वाटी पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवा आणि मग द्या. मनीच्या बाबतीत ही साधी युक्ती फार उपयोगी पडली.

दूध हा मांजराचा खुराक, ही समजूत मात्र सोडायला हवी. पिल्लाला आईचं दूध पचतं, पण मोठं झाल्यावर पुष्कळ मांजरांना दुधातली साखर पचेनाशी होते आणि जुलाब होतात. दूध-पोळीनं पोट भरतं, पण टॉरीन काही मिळत नाही. 'आमच्याकडे मांस-मच्छी शिजत नाही, मग काय करायचं?' असं काही पालक विचारतात. त्यांच्यासाठी दुकानात मिळणारं मांजरांचं संपूर्ण आहाराचं पाकीट हा चांगला मार्ग. स्वयंपाकघर तुमचं तसंच राहतं आणि मांजराला हवं ते मिळतं.

आता मासळीचं. आपल्या पनवेलला खाडी जवळ, मासळीची सवय घरोघरी. शिजवलेले, काटे काढलेले मासे अधूनमधून दिले तर हरकत नाही. पण रोज नुसते मासेच नकोत. काही कच्च्या माशांत थायमिन म्हणजे ब१ जीवनसत्त्व नष्ट करणारा पदार्थ असतो, त्यामुळे मांजराला झटके येऊ शकतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींची खोल समुद्रातली मासेमारी बंद असते. पाठोपाठ श्रावणात पुष्कळ घरांत मासळी शिजतच नाही. मग मांजरापुढे खारवलेला बांगडा येतो. एवढं मीठ मांजराला नको, आणि मनीसारख्या आजारी मांजराला तर नाहीच नाही. मासळी बंद असेल त्या दिवसांची सोय तुमच्या वेळापत्रकात आधीच करून ठेवा.

आणि पाणी! तिघांसाठी तीन ठिकाणी पाणी ठेवा, जेवणाच्या ताटलीपासून जरा लांब. थकलेल्या मूत्रपिंडाचं मांजर जास्त पाणी पितं. 'सारखं पितंय, सारखी शी-शूची जागा ओली,' म्हणून पाण्याचं भांडं कधीही उचलू नका. ते पाणीच त्याला तगवून धरतं.

शेजारच्या काकूंची ताटली

सगळं झालं, तरी पहिले चार आठवडे भोपळ्याचं वजन तसूभरही कमी होईना. वही दर रविवारी तेच सांगत होती. डबा मोजलेला, खुणा बरोबर, मग अन्न येतंय कुठून? पाचव्या रविवारी लेक त्याच्या मागोमाग गेली. भोपळ्या जिना उतरला, शेजारच्या दारात बसला आणि तोच तो केविलवाणा आवाज! दार उघडलं आणि बांगड्याचं डोकं बाहेर आलं.

'अगं, मला वाटलं तुम्ही त्याला उपाशी ठेवता!' काकू म्हणाल्या.

'काकू, त्याचं पोट बघा ना,' लेक म्हणाली, 'डॉक्टरांनी त्याला मोजून द्यायला सांगितलंय. तुम्हांला द्यायचंच असेल तर त्याच्या डब्यातला एक घास मी रोज तुमच्याकडे आणून ठेवते. तुम्ही तोच द्या.'

काकूंना हे पटलं. आता संध्याकाळचा एक घास काकूंच्या हातून असतो. काकूंचं मन राहिलं, भोपळ्याची फेरी राहिली आणि वजनही उतरू लागलं. मुलांनो, मोठ्या माणसाला 'देऊ नका' असं नुसतं म्हटलं तर राग येतो. 'असं द्या' म्हटलं तर ते आपल्या बाजूचे होतात.

न खाणं ही धोक्याची घंटा

मघाशी म्हटलं होतं, घाई केली तर काय होतं ते सांगते म्हणून. आता ऐका. माणूस एकादशीला उपास करतो, मांजराला उपास चालत नाही. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, तर त्याच्या अंगातली चरबी एकदम यकृतात जाऊन साठते आणि यकृत काम करेनासं होतं. यातून जीवही जातो. म्हणून 'नाही खाल्लं तर राहू दे उपाशी, भूक लागली की झक मारत खाईल' हा नियम मांजराला लावू नका. एक दिवसभर मांजरानं अन्नाला तोंड लावलं नाही, तर दुसऱ्या दिवशी डॉक्टर. पिल्लू असेल तर त्याच दिवशी.

दाराआड वेगळं जेवण देण्याचा हाही मोठा फायदा आहे. कुणी किती खाल्लं, ते नेमकं कळतं. एकाच परातीत तिघं जेवत असतील, तर एकानं खाणं सोडलं हे कळायलाच दोन दिवस जातात.

पालकांसाठी चार शब्द

कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. म्हणून आपल्या ताटातला रस्सा त्याला घालू नये. चॉकलेटही नको. आपण तापावर घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराला जीवघेणी ठरते, तुकडाही देऊ नये. फुलदाणीतली लिलीची फुलं मांजराच्या मूत्रपिंडांचा घात करतात, ती घरात आणूच नयेत. कोणत्या मांजराला काय आणि किती, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. मनीसाठी जे बरोबर, ते तुमच्या मांजरासाठी बरोबर असेलच असं नाही. मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालापासून आहे. जनावरांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची परंपरा आपल्याकडे एवढी जुनी आहे, तिचा उपयोग करावा. आणि मुलांना वाढायचं काम जरूर द्यावं, पण औषधाचं काम मोठ्यांनीच करावं.

वही काय सांगते?

आता तुम्ही विचाराल, मनीचं पुढे काय झालं?

वेळापत्रक सुरू झाल्यावर पहिले तीन रविवार तिचं वजन ३ किलो २०० ग्रॅमवरच थांबलं. लेकीचं तोंड उतरलं. मी म्हटलं, 'अगं, उतरत होतं ते थांबलं, हेच केवढं!' दिवाळीच्या सुमारास आकडा आला ३ किलो ३०० ग्रॅम. संक्रांतीला ३ किलो ४०० ग्रॅम. तिथून पुढे तो तिथेच आहे. मनी पुन्हा ३ किलो ८०० ग्रॅमची होणार नाही, तिची मूत्रपिंडंही पहिल्यासारखी होणार नाहीत. डॉक्टरांनी हे आम्हांला स्पष्ट सांगितलंय आणि लेकीलाही ते ठाऊक आहे. पण मनी रोज चार वेळा आपल्या ताटलीतलं आपलं अन्न खाते, उन्हात बसून अंग चाटते आणि मधूनच चिमीच्या कानफटात एक लगावते. भोपळ्या ५ किलो ३०० ग्रॅमवर आलाय आणि आता कपाटावर उडी मारतो. चिमी खोक्यात मावेनाशी झाली, म्हणून खोक्याची रवानगी रद्दीत झाली.

तुमच्या घरी मांजर असेल तर या रविवारी एवढंच करा. एक वही घ्या. पहिल्या पानावर मांजराचं नाव, वय आणि आजचं वजन लिहा. दुसऱ्या पानावर चार प्रश्नांची उत्तरं लिहा : कोण वाढतं, केव्हा वाढतं, किती वाढतं आणि खरोखर खातं कोण? चौथ्या प्रश्नाचं उत्तर मात्र कुणाला विचारून लिहू नका. ताटलीजवळ पंधरा मिनिटं गप्प बसा आणि स्वतः बघून लिहा. घरी मांजर नसेल तर आजी-आजोबांच्या ताटाकडे बघा. त्यांना कुठला पदार्थ चावत नाही, कोणता पथ्याचा आहे, कोणती वेळ त्यांना सोयीची आहे, ते त्यांनाच विचारून लिहा. वहीचं ते पान आईला नक्की दाखवा.